दर्याचं बेणं

त्या शुक्रवारी सकाळी आम्ही दोघं ओट्यावर सुकट निवडत बसलो होतो. दुसऱ्या दिवशी नारायणगावचा बाजार. चटईवर सुकटीचा ढीग आणि ढिगाच्या दोन अंगांना दोन म्हातारी माणसं. काम काही मोठं नाही. सुकटीत आलेली काडी, शिंपल्याचा तुकडा, जाळ्याचा दोरा बाजूला काढायचा. माझ्या हातनं एक काडी सुटली, तर इंदू म्हणाली, "आवं, डोळं हायेत का शर्टाची बटनं?"

"तुला दिसली ना? मग काढ की."

"समदं मीच काढायचं, तर तुमी कशाला बसलाय?"

"मांजर यील म्हणून."

ती हसली. मग पोत्याचं तोंड बांधलं, हात धुतले, म्हणाली, "जरा पडते. पाठ धरलीय." मी बिडी पेटवली. जेवायच्या वेळेला दोन हाका मारल्या, तिसरी मारायला आत गेलो... ती भिंतीकडं तोंड करून निजली होती ती निजलीच. डॉक्टर म्हणाले, झोपेतच गेली, त्रास झाला नसणार. लोक म्हणतात भाग्याचं मरण. असेल. ज्याच्या घरात येतं त्याला ते भाग्य कळायला वेळ लागतो. मला अजून कळलेलं नाही.

आज महिना होऊन गेला. माझं शिक्षण चौथी, लिहायची सवय नाही, पण एक गोष्ट तोंडानं सांगायची राहून गेली, म्हणून लिहितोय. पेपरच्या पुरवणीत नावाजलेल्या माणसांवर लिहून येतं. इंदूला पिंपळवंडी ते आळेफाटा एवढ्या पट्ट्यात लोक ओळखायचे, ते 'सुकटवाली' म्हणून. वास आला की कळायचं, बाई आली. पण समुद्राबद्दल तिला जे समजलं, ते समुद्राच्या काठावर जन्म काढलेल्यांनाही समजतंच असं नाही. आणि समुद्र तिनं उभ्या जन्मात एकदाच पाहिला.

ती मूळची पेठच्या वरच्या अंगाची, बटाटे पिकवणाऱ्या घरातली. लग्न होऊन आली तेव्हा मासळीच्या वासानं तिला उमासे यायचे. मी टेंपो चालवायचो. माळशेज उतरून, मुरबाड-कल्याणवरनं खाली पनवेलच्या पुढं एका बंदरावर जायचो आणि सुकी मासळी भरून वर आणायचो. थोडी मासळी बाजाराची, म्हणजे बोंबील, सुकट, वाकट्या. बाकी सगळा कुटा. कुटा म्हणजे जाळ्यात आलेला बारीकसारीक मिसळ माल, वाळूत टाकून वाळवलेला. तो माणूस खात नाही. आमच्याकडं तेव्हा गावोगाव पोल्ट्र्या उभ्या राहत होत्या. त्या कोंबड्यांच्या खाद्यात तो दळून घालायचे. आळेफाट्याच्या अलीकडं बबनशेठची खाद्याची गिरणी, तिथं माझा टेंपो कायमचा लागलेला. बाजाराचा माल विकायला कुणी नव्हतं, म्हणून इंदू पाटी घेऊन बसली. पहिल्या महिन्यात नाकाला पदर लावून विकायची. गिऱ्हाईक म्हणायचं, "आक्का, तुमालाच वास सोसंना, तर आमी काय खावं?" वर्षभरात नाकावरचा पदर सुटला आणि तोंड सुटलं ते कायमचं.

नव्वद सालाच्या पुढची गोष्ट असेल. बाजारात एक पोरगी आली. पँट, पाठीला पिशवी, हातात पट्टी आणि वही. इंदूच्या पाटीपुढं बसली आणि एकेक बोंबील उचलून पट्टीनं मोजायला लागली. इंदू बघत राहिली, मग म्हणाली, "बाई, कापड हाय व्हय ते? मोजायचं आसंल तर आदी इकत घे."

पोरीनं खरंच घेतले. मग बसून बोलली. समुद्राचा अभ्यास करणाऱ्या एका संस्थेत ती कामाला होती. पाणी किती गरम होतं, मासा कुठल्या महिन्यात अंडी घालतो, किती वाढल्यावर घालतो, असलं सगळं तपासायचं तिचं काम. मी टेंपोला टेकून ऐकत होतो. मी म्हणालो, "मॅडम, दर्या खाली ऱ्हायला, तुमी डोंगर चढून जुन्नर तालुक्यात काय शोधताय?"

ती म्हणाली, "काका, बंदरावर माणसं मला मोठा मासा दाखवतात. बारका कुठं जातो ते बाजारात आल्यावर कळतं."

त्या दिवसापासनं बाजारात तिचं नाव पडलं, दर्याच्या मॅडम. सुरुवातीला दर दोन-तीन महिन्यांनी यायची, पुढं वर्षा-दोन वर्षांतनं एखादी फेरी व्हायची. पहिल्याच दिवशी तिनं इंदूला समजावलं, की मासा पकडू नका असं आमचं म्हणणं नाही. बंदरावरच्या माणसाचं पोट त्याच्यावर आहे, आणि त्याच्या नातवाचंही पोट त्याच्यावरच भरायचं आहे. म्हणून कुठल्या महिन्यात जाळं टाकायचं नाही, जाळ्याचं भोक केवढं ठेवायचं, कुठल्या जातीचं किती काढलं तर पुढच्या साली तेवढंच परत येईल, हे मोजून सांगायचं. मासा एकदा तरी अंडी घालून गेला पाहिजे. त्याच्या आधीच उचलला तर मागं काही राहत नाही.

इंदू म्हणाली, "म्हंजी बेणं."

"काय?"

"बेणं गं. आमच्याकडं बटाट्याचं बेणं राखून ठेवत्यात, पुढच्या लागणीला. एका साली घरात काय नव्हतं म्हणून माज्या बापानं बेण्याच्या बटाट्याची भाजी करायला लावली, तर आजीनं दोन दिस अन्न घेतलं न्हाई. म्हणली, खावा, पुढच्या साली वावरात काय पुराल, तुमची हाडं?"

मॅडमनं वही उघडली आणि तो शब्द लिहून घेतला. कसा लिहायचा तेही विचारलं. इंदूला अक्षर येत नव्हतं, म्हणून मी सांगितला. पुढं कितीतरी दिवसांनी मॅडमचं पत्र आलं, की बंदरावरच्या सभेत तक्ते दाखवून जे लोकांना पटवता येत नव्हतं, ते 'बेणं खाऊ नका' म्हटल्यावर पटायला लागलं. मी पत्र वाचून दाखवलं, तर इंदू म्हणाली, "आता तुमी माज्याशी नीट बोलत जा. माजा शबुद दर्यापात्तूर गेलाय."

पण मधेच एक घोळ झाला. मॅडम पहिल्यांदा बोलून गेल्यावर इंदूनं आपल्या डोक्यानं हिशेब मांडला. सगळ्यात बारकं काय? सुकट. म्हणजे जवळा, नखाएवढा. तर ही कोळंबीची पिल्लं असणार. तिनं सुकट विकायची बंद केली! सुकटवालीनं सुकट बंद केली म्हणजे काय राहिलं? मी आणलेली पोती तशीच माझ्या अंगावर परत. गिऱ्हाइकाला सांगायची, "लेकरं हायेत ती, मी इकायची न्हाई." एक म्हातारा दर बाजाराला येऊन चिडवायचा, "आक्का, आज लेकरं शाळंत धाडली का?" मी घरी आकांत केला. म्हणालो, "त्या पोरीनं तुला येडं केलं." ती बधली नाही. दोन महिने आमच्या पाटीत नुसत्या वाकट्या आणि बोंबील, आणि दोघांची तोंडं दोन दिशांना.

मग मॅडम आली. सुकट का नाही, विचारलं. इंदूनं मोठ्या मानानं कारण सांगितलं. मॅडमला हसू आवरेना. शेजारच्या पाटीतली मूठभर सुकट घेऊन तिनं भिंगातून दाखवली. म्हणाली, "मावशी, ही कोळंबीची पिल्लं नाहीत. जवळा ही वेगळीच जात. ती एवढीच असते. एवढ्यातच मोठी होते, अंडी देते आणि काही महिन्यांत म्हातारी होऊन मरते. बारकी म्हणजे कोवळी नव्हे."

इंदू भिंगाला डोळा लावून बराच वेळ बघत राहिली. मग कपाळावर हात मारून म्हणाली, "आगं बया! म्हंजी म्या दोन महिनं म्हाताऱ्या बायांना लेकरं समजत व्हते?"

अख्खी रांग हसली. मीही हसलो. मॅडम म्हणाली, ह्या जवळ्यावर मोठे मासे जगतात, म्हणून तोही ओरबाडायचा नाहीच, पण तुम्ही खुशाल विका. नुसत्या डोळ्यानं बघून दयाही करता येत नाही आणि धंदाही करता येत नाही, आधी ती जात ओळखावी लागते, हे मला त्या दिवशी समजलं. त्यासाठी कुणाला तरी भिंग घेऊन जन्म घालवावा लागतो. एरवी मी असल्या लोकांना रिकामटेकडे समजायचो.

हसणं थांबल्यावर इंदूनं विचारलं, "मंग खरी लेकरं कुठं हायेत?"

मॅडमनं माझ्या टेंपोकडं पाहिलं. त्यात कुट्याची पोती होती, बाजार उरकून गिरणीवर जायची. इंदू लुगडं खोचून टेंपोत चढली, एक पोतं सोडलं आणि ओंजळभर कुटा काढून मॅडमपुढं धरला. मॅडम एकेक वेचून सांगत गेली. हे घोळीचं, हे सुरमईचं, हे पापलेटचं, हे बघा, ही मांदेली, ही मात्र पुरती वाढलेली आहे... मी म्हणालो, "चला, उशीर होतोय." इंदूनं ओंजळ पोत्यात परत टाकली, तोंड बांधलं. माल गिरणीवर टाकून घरी आलो. दारात उतरताना म्हणाली, "तुमी कुटा आणू नगा."

"मंग कोंबड्यांना काय खायला घालू, तुजं डोसकं?"

"माजं घाला. पर बेणं घालू नगा."

त्यानंतर वर्षानुवर्षं हीच एक मागणी. सोनं मागितलं नाही, लुगडं मागितलं नाही. हंगाम सुरू झाला, की म्हणायची, "ह्या साली तरी." मी चिडायचो. चावडीवर चार माणसांत बोलून बसलो होतो, की बायकोच्या सांगण्यावरनं गाडी वळवणारा मी नव्हे. तिनं अंडं खायचं सोडलं. म्हणायची, "त्या कोंबडीनं काय खाल्लंय त्ये मला ठाव हाय." लेक रंजना बाळंतपणाला आली तेव्हा तिच्यासाठी अंडी उकडायची, पण स्वतः शिवायची नाही.

एकदा तिला बंदरावर घेऊन गेलो. वाटलं, एवढा दर्या बघितला की हिचं खूळ जाईल, म्हणेल, ह्यातलं काय सरतंय! तिनं समुद्राकडं एकदा बघितलं, हात जोडले आणि पाठ फिरवली. वाळवणाकडं गेली. तिथं एक कोळीण कुटा पसरत होती. इंदू तिला म्हणाली, "बाई, येवढी पिल्लं कशाला गं काढता?"

ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "आमाला काय हौस हाय? जाल्यात येतं. फेकून दिलं तरी मेलेलंच. पयलं थोडंच यायचं, ते इकडंच वाळूत टाकून द्यायचो. आता तुमी गाडी घेऊन येता नं, म्हणून बारीक भोकाची जाली आली. तुमी घेता म्हणून आमी सुकवतो."

इंदूनं मान खाली घातली. परतीच्या वाटेवर मी वाट बघत होतो, की आता बोलेल. तिनं बोलायची गरज उरली नव्हती. 'तुमी घेता म्हणून' हे माझ्या कानात घाट चढून वर आलं.

तरी मला आणखी दोन हंगाम लागले. एका खेपेला बंदरावर माल भरताना फाटक्या पोत्यातनं काहीतरी पायाशी सांडलं. उचललं, तर पापलेट. रुपयाच्या नाण्याएवढं, गोल, चपटं, वाळून कागद झालेलं. शेपूट, पर, डोळा, सगळं जागच्या जागी. पापलेट वाढून केवढं होतं ते मी जन्मभर बघत आलोय. ते खिशात टाकलं. माळशेजच्या एका वळणावर गाडी थांबवली आणि दरीत फेकून दिलं... इंदूच्या हाती लागलं असतं, तर तिला कळलं असतं की मी हरलो. माल गिरणीवर टाकला आणि बबनशेठला सांगितलं, "ही शेवटची खेप. आमच्या घरात पटत न्हाई. दुसरा टेंपो बघा." शेठ म्हणाले, "तुमची मर्जी." आठवड्यात त्यांना दुसरा टेंपो मिळाला. मी कांदा वाहायला लागलो, बाजाराची मासळी तेवढी आणायचो.

हे घरी येऊन सांगायचं होतं. दारात आलो, इंदूनं पाणी दिलं, म्हणाली, "लवकर आलात?" आणि माझी जीभ अशी उलटी फिरली की बास. म्हणालो, "बबनशेठनी कुटा बंद केला. सोयाबीनची पेंड धरली आता. मी काय करणार?"

तिचा चेहरा असा फुलला, की खरं सांगायची वेळ तिथंच निघून गेली. "शेठनी? आपणहून? आवं, देवमाणूस हाय तो!" त्या दिवसापासनं बबनशेठ आमच्या घरात देवमाणूस झाला. त्या दिवाळीला तिनं चांगले वीतवीतभर बोंबील निवडले, फडक्यात बांधले आणि म्हणाली, "शेठला द्या. म्हणावं, इंदूनं धाडलेत. समजंल त्यांना." मी नेऊन दिले. शेठला काय समजणार? ते म्हणाले, "वहिनींची माया." पुढच्या दिवाळीला पुन्हा. त्याच्या पुढच्यालाही. गिरणीच्या फाटकातून आत जाताना कुट्याचा वास यायचा आणि हातात ते गाठोडं. माझी शाबासकी मीच दुसऱ्याच्या दारात पोचवत होतो. आणि तीही खोटी, कारण गिरणी कुटा दळतच होती. माझी एकट्याची गाडी कमी झाली, एवढंच. दरसाल ठरवायचो, ह्या वेळी सांगू. मग वाटायचं, सांगितलं तर तिचा देवमाणूस जाईल, आणि त्याच्या जागी खोटं बोललेला नवरा येईल.

त्या शुक्रवारी दिवस मावळायच्या आत तिला नदीवर पोचवून आलो. रंजना भोसरीहून आली होती. अंगणात माणसं बसली होती. बबनशेठ आले, माझ्याजवळ बसले, खांद्यावर हात ठेवला. चार माणसांत चांगलं बोलावं म्हणून म्हणाले, "लई मोठ्या मनाची बाई. ह्यांनी माझा कुटा वाहायचा सोडला, घरात पटत न्हाई म्हणून. दुसरी बाई असती तर माझं तोंड बघितलं नसतं. पण वहिनींनी दरसाल बोंबील धाडायचं चुकवलं न्हाई."

कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. रंजनाला वाटलं. माणसं उठून गेल्यावर ती माझ्यापुढं येऊन बसली.

"दादा, तुमीच सोडलं व्हतं?"

"व्हय."

"आन् गिरणीत कुटा आजून येतो?"

"येतो."

"आईला ठाव व्हतं?"

मी म्हणालो, "न्हाई."

ती रडली नाही, ओरडली नाही. म्हणाली, "तिनं जन्मभर तुमाला येकच मागितलं, दादा. आन् तुमी दिलं, त्येबी शेठच्या नावानं." आणि आत गेली.

सकाळी उठलो, तोंड धुतलं. चुलतभाऊ म्हणाला, "सुतकात कुठं चालला?" मी म्हणालो, "आलोच." फाट्याकडं जाणाऱ्या जीपमध्ये बसलो आणि गिरणीवर उतरलो. फाटकात टेंपो उभा होता, नुकताच घाट चढून आलेला, ताडपत्री अजून बांधलेली. शेठ मला बघून खुर्चीवरनं उठलेच. "आज? आवं, आज कशाला आलात?"

उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. बोंबील कशासाठी होते, ती शेठना देवमाणूस का समजत होती, आणि मी काय खोटं बोललो. शेठ ऐकत होते. मधेच म्हणाले, "आवं, एवढ्या सालात मला एकदा तरी सांगायचं."

"न्हाई जमलं. तिलाबी सांगायला न्हाई जमलं."

"बरं, आता काय म्हणणं हाय तुमचं?"

"माझं खोटं खरं करा. सोयाबीन धरा."

शेठ कसनुसं हसले. रागानं नाही, माणूस अडकला की हसतो तसं. म्हणाले, "भाऊ, माझ्या एकट्याच्या गिरणीनं दर्या भरणार हाय का?"

"माझ्या एकट्याच्या टेंपोनं तरी कुठं रिता झाला व्हता?"

ड्रायव्हरनं ताडपत्रीच्या दोरीला हात घातला आणि विचारलं, "शेठ, सोडू का?" शेठनी त्याच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. मी टेंपोच्या मागच्या फळीला, ती पाडता येणार नाही अशी पाठ लावून खाली मातीत बसलो. म्हणालो, "तुमी करा इचार सावकाश. मी बसतो. आज घरी मला काय काम न्हाई."